माझीच गंजी कामून?

फौजदारी खटल्याच्या कागदावर पहिल्या ओळीत दोनच पक्ष असतात, महाराष्ट्र शासन आणि आरोपी. ज्याचं घर फुटलं, ज्याची मोटार रातोरात विहिरीतून काढून नेली, ज्याच्या डोक्यात कुऱ्हाडीचा दांडा बसला, त्याचं नाव त्या ओळीत नसतं. तो साक्षीदारांच्या यादीत पहिला. समन्स आलं की यायचं, पिंजऱ्यात उभं राहायचं, विचारलं तेवढं सांगायचं आणि बाकीचं मनात घेऊन एसटी पकडायची.

वसमतच्या कोर्टात मी वकिली करते. बहुतेक फौजदारीच, आणि त्यातली बरीचशी आरोपीच्या बाजूनं. त्यामुळे फिर्यादीच्या मनातलं ते 'बाकीचं' माझ्यासमोर उलटतपासात बाहेर येतं. मी विचारते, "घटनेच्या वेळी उजेड होता का?" आणि म्हातारा सांगायला लागतो की आरोपीच्या बापाला त्यानं दुष्काळात ज्वारी दिली होती. मी उठून म्हणते, प्रश्नाचं उत्तर येत नाही. न्यायाधीश त्याला थांबवतात. पुराव्याच्या कायद्यानं हे बरोबरच आहे. उजेड होता की नव्हता, यावरच एका माणसाचा तुरुंग ठरणार असतो. पण म्हाताऱ्याला उजेडाविषयी बोलायचंच नसतं. त्याला समोरच्या पोराला एक गोष्ट विचारायची असते, आणि आमच्या अख्ख्या इमारतीत ती विचारायला जागा नसते.

त्यासाठी जागा करून देणाऱ्या न्यायपद्धतीला पुस्तकांत पुनर्स्थापक न्याय म्हणतात. ज्यानं नुकसान केलं आणि ज्याचं झालं, त्यांनी राजीखुशीनं समोरासमोर बसायचं, काय झालं ते बोलायचं आणि काय भरून देता येईल ते ठरवायचं. ऐकायला हे आपल्या पारावरच्या पंचायतीसारखं वाटतं. आमच्या बाररूममध्ये हा विषय काढला की कुणीतरी म्हणतंच, "अहो, हे आपल्याकडं आधीपासूनच आहे, तंटामुक्ती आहे की."

महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम १५ ऑगस्ट २००७ ला सुरू झाली. तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. पाटील यांची कल्पना. परभणीतून वेगळा होऊन आमच्या हिंगोली जिल्ह्याला तेव्हा जेमतेम आठ वर्षं झाली होती (१ मे १९९९), आणि नवा जिल्हा अशा मोहिमांत उत्साहानं उतरतो. ग्रामसभेनं समिती निवडायची. त्यात सरपंच, पोलीस पाटील, बीट हवालदार आणि गावातली चार शहाणी माणसं. गाव तंटामुक्त ठरलं की लोकसंख्येप्रमाणे लाखाच्या पुढं बक्षीस. या मोहिमेला नावं ठेवणं सोपं आहे, पण मी ठेवणार नाही. धुऱ्याचे, पाणंदीचे, सांडपाण्याचे कितीतरी तंटे तेव्हा खरोखर मिटले. नाहीतर तेच तंटे माझ्या टेबलावर येऊन दोन पिढ्या चालले असते. धंद्याच्या दृष्टीनं म्हणाल तर आम्हा वकिलांचं नुकसानच झालं.

अडचण आली ती मोजणीत. मूल्यमापनात मिटलेल्या तंट्यांना गुण होते. 'मिटला' हे वहीत लिहिता येतं. कसा मिटला, हे कुठं लिहायचं?

एका गावातला प्रकार सांगते, गावाचं नाव नको. एका सालगड्याला मालकाच्या पोरानं बैल उशिरा सोडले म्हणून चाबकाच्या दांडक्यानं मारलं. हाताचं हाड मोडलं. समिती बसली, दवाखान्याचा खर्च आणि वर पाच हजार ठरले, चहा झाला. सालगड्याला विचारलं, "मिटलं ना बाबा?" त्यानं सतरंजीकडं बघत मान हलवली. नारळ फुटला. त्या बैठकीत मारणाऱ्या पोराला कुणी एक प्रश्नही विचारला नव्हता. त्याच्या वतीनं सगळं बोलणं त्याच्या चुलत्यानं केलं. सालगडी पुढच्या दसऱ्याला उचल घेऊन ऊसतोडीला निघून गेला. दुसऱ्या वर्षी तेच पोर नव्या सालगड्याच्या मारहाणीत आरोपी झालं आणि वकीलपत्र माझ्याकडं आलं. मी त्याला पहिल्या प्रकरणाबद्दल विचारलं. तो म्हणाला, "ते तर पैसे दिऊन मिटलं की मॅडम." त्याच्या लेखी तो व्यवहार होता, आणि तो चुकता झाला होता.

आता ज्या प्रकरणामुळं मी या विषयाकडं वळले, ते सांगते. आरोपी अल्पवयीन होता, आणि अशा मुलाची ओळख पटेल असं काही छापायला बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नं मनाई आहे. म्हणून गाव, काळ आणि काही तपशील बदलले आहेत. बोललेले शब्द बदललेले नाहीत.

नवरा वारलेली एक बाई. शेत स्वतः कसायची. दिवाळीच्या तोंडावर दोन एकरांतलं सोयाबीन कापून गंजी घातली होती, मळणी यंत्राची पाळी यायची होती. रात्री गंजी पेटली. ज्यांना शेती ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, सोयाबीनची वाळलेली गंजी विझवता येत नाही, तिच्याकडं फक्त बघत उभं राहता येतं. सकाळी राख होती. पन्नास हजारांच्या आसपासचा माल, त्यावर सोसायटीचं कर्ज आणि दुकानदाराची खताची उधारी.

गावानं नाव घेतलं ते तिच्या दिराचं. धुऱ्यावरून दोघांचं जुनं भांडण होतं. तिनंही पोलिसांना तोच संशय सांगितला. दिराला दोनदा ठाण्यात बसवून ठेवलं. भावकीत बोलणं बंद झालं, पोरांचं येणंजाणं थांबलं. महिन्याभरानं भलतीच गोष्ट बाहेर आली. गंजी पेटवली होती गावातल्याच सतरा वर्षांच्या एका पोरानं. मित्राशी भांडण झालं आणि मित्रानंच सांगून टाकलं.

प्रकरण हिंगोलीच्या बाल न्याय मंडळापुढं गेलं आणि विधी सेवेच्या यादीतून मुलाचं काम माझ्याकडं आलं. दंड संहितेचं कलम ४३५ लागलं होतं. आग लावून शेतमालाचं दहा रुपयांचं नुकसान केलं तरी हे कलम लागायचं, शिक्षा सात वर्षांपर्यंत. ते कलम आता नव्या भारतीय न्याय संहितेत ३२६ मध्ये गेलं आहे. मुलासाठी या सात वर्षांना तसा अर्थ नसतो. मंडळाकडं दुसरे मार्ग असतात : समज देणं, समुपदेशन, सामुदायिक सेवा, पालकांच्या हमीवर देखरेखीखाली सोडणं. त्याआधी परिविक्षा अधिकारी मुलाच्या घरी, शाळेत, गल्लीत जाऊन सामाजिक तपासणी अहवाल करतात. त्या अहवालासाठी अधिकारी गावात आले तेव्हा त्यांनी नेमात नसलेलं एक काम केलं. ते त्या बाईच्याही घरी गेले. परत येऊन मला म्हणाले, "मॅडम, ती एकच गोष्ट विचारते. माझीच गंजी कामून?"

मी तिला भेटायला गेले. तिनं पाणी दिलं, आणि पहिलंच वाक्य टाकलं, "तुमी त्याच्या वकील. तुमाला माझी सही पाहिजे."

या वाक्यावर मी आजही विचार करते, कारण तिचा अंदाज शंभरातल्या नव्वद वकिलांच्या बाबतीत बरोबर ठरला असता. आमच्या भागात आरोपीकडचं माणूस फिर्यादीच्या दारात जातं ते तडजोडीच्या कागदावर सही घ्यायलाच. मी म्हणाले, "मावशी, सही नकोच. हे कलम मिटवता येत नाही. तुम्ही शंभर सह्या केल्या तरी केस चालणारच आहे. तुम्हाला त्याला काही विचारायचं असलं तर तेवढी सोय करता येईल. नको असलं तर मी चहा पिऊन जाते."

तिनं आठ दिवस घेतले. मग निरोप आला : हिंगोलीला येणार नाही, चावडीत नाही, देवळात नाही. शाळेची खोली चालंल.

रविवारी शाळेत बसलो. ती, मुलगा, त्याची आई, परिविक्षा अधिकारी आणि मी. तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष शाल-नारळ आणि मोबाईलवाला फोटोग्राफर घेऊन फाटकाशी आले होते. त्यांना परत पाठवणं हे त्या दिवसातलं माझं सगळ्यात अवघड काम होतं. दिराला बोलावलं होतं. तो आला, पण आत बसला नाही. दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला.

अधिकाऱ्यांनी मुलाला सांगितलं, काय झालं ते तूच सांग, आई सांगणार नाही, मॅडम सांगणार नाहीत. तो बराच वेळ बाकाच्या कडेचा लाकडाचा तुकडा उपसत राहिला. मग तुकड्यातुकड्यानं आलं ते असं. तो आणि त्याची टोळी तिच्या शेतातल्या आखाड्यावर रात्री बसायची. तिनं बाटल्या पाहिल्या आणि गिरणीवर दहा बायकांत त्याच्या आईला सुनावलं. आई घरी येऊन रडली. "लई राग आला मला. थोडंच पेटंल वाटलं."

"सोयाबीन थोडं पेटतं का रे?" ती म्हणाली. शेतकऱ्याच्या पोराला हा प्रश्न म्हणजे मुस्काटात होती.

मग तिनं विचारलं, "त्या राती मी आखाड्यावर झोपले असते तर?"

मुलानं वर पाहिलं. मी वकील आहे, चेहरे वाचण्याचा धंदा आहे माझा. हा विचार त्याच्या डोक्याला त्याआधी एकदाही शिवला नव्हता, एवढं मी खात्रीनं सांगते. मंडळासमोर त्याला याच अर्थाचं काहीतरी विचारलं गेलं होतं, आणि माझ्या सांगण्याप्रमाणे त्यानं 'चूक झाली' म्हटलं होतं. इथं त्याला काही बोलताच आलं नाही.

तिचा शेवटचा प्रश्न दाराकडं हात करून होता. "यांचं नाव निघालं तवा तू कुठं होतास?"

"तिथंच. गर्दीत. बादल्या आणत होतो."

तेव्हा दीर आत आला आणि बसला. त्या प्रकरणात नुकसान झालेला दुसरा माणूस तोच होता, हे माझ्या तोवर ध्यानातही आलं नव्हतं. फिर्यादीत त्याचं नाव होतं ते संशयित म्हणून. आरोपपत्रात तर तो कुठंच नव्हता. मुलानं त्याच्याकडं बघून "काका, माझं चुकलं" म्हटलं. तो काही बोलला नाही. पण भावजयीनं त्याच्याकडं बघितलं आणि म्हणाली, "आता म्या काय बोलू तुमाला?" तो म्हणाला, "बोलू नका. पोरं धाडा घरी."

पैशाचं बोलणं त्यानंतर, आणि थोडक्यात झालं. सगळी रक्कम मुलाच्या घरच्यांना झेपणारी नव्हती. निम्मी हळदीच्या दोन सुग्यांत द्यायची, आणि मळणीला, हळद उकडायला मुलानं तिच्या कामावर जायचं, असं ठरलं. मंडळानं नंतर त्याचा आदेश त्याच्या पद्धतीनं दिला : देखरेख आणि समुपदेशन. शाळेतल्या बैठकीचा उल्लेख अधिकाऱ्यांच्या अहवालात दोन ओळींत आला.

लोक विचारतात, तिनं माफ केलं का? मीही विचारलं होतं. ती म्हणाली, "माफ-बिफ काई नाई. पैसा अर्धाच आला. पण आता राती वावरात जाता येतं. आधी कोण येऊन काय करंल याचा भेव वाटायचा. आता माहिताय, कोण व्हतं अन् कामून व्हतं." मुलगा नंतर माझ्या फायलींत आला नाही. एवढ्यावरून मी काही सिद्ध झालं असं म्हणणार नाही. सतरा वर्षांची बरीच पोरं पुन्हा फायलीत येत नाहीत. काहींचं लग्न होतं, काही पुण्याला कंपनीत जातात.

सिद्ध काय झालंय, ते बाहेर शोधावं लागतं. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात एल्मायरा नावाच्या गावात १९७४ मध्ये दोन तरुणांनी दारूच्या नशेत एका रात्रीत बावीस ठिकाणी मोडतोड केली. मार्क यान्त्झी नावाच्या परिविक्षा अधिकाऱ्यानं न्यायाधीशांना सुचवलं की या दोघांना नुकसान झालेल्यांच्या दारोदार पाठवावं. न्यायाधीशांनी मान्य केलं, पोरं गेली, नंतर भरपाईही दिली. आजच्या या सगळ्या चळवळीची सुरुवात तिथून सांगतात. न्यूझीलंडनं १९८९ च्या कायद्यानं मुलांच्या गुन्ह्यांत कुटुंबासह बैठक घेण्याची पद्धतच आणली. त्यामागं मावरी समाजाचा आग्रह होता. लॉरेन्स शर्मन, हीदर स्ट्रँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये तीन खंडांतल्या दहा चाचण्या एकत्र करून पाहिल्या. चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी करून काही प्रकरणांत बैठक घ्यायची, काहींत नाही, अशा या चाचण्या. बैठक झालेल्यांनी पुन्हा गुन्हा करण्याचं प्रमाण कमी निघालं. कमी, पण माफक. पीडितांचं समाधान मात्र ठळकपणे जास्त होतं. आणि परिणाम चोरीमारीपेक्षा मारहाणीसारख्या गुन्ह्यांत जास्त दिसला. मी हे वाचलं तेव्हा चकित झाले, कारण आपण नेमकं उलट समजतो. छोटी चोरी असली तर बसवा समोरासमोर, रक्त निघालं असलं तर नको.

तरी काही दारं मी स्वतः बंद ठेवते. अॅट्रॉसिटीच्या प्रकरणात 'एकदा बसून बोला' म्हणणारे फार प्रेमळ असतात, आणि त्यातला एकही जण फिर्यादीच्या वस्तीतला नसतो. सासरच्या छळात लेकीला 'नांदायला पाठवणं' म्हणजे मिटवणं, असं समजणारे भले लोक मी पाहिलेत. जातपंचायतीच्या दंडालाही कुणी परंपरेतला समेट म्हणू नये. त्याच दंडेलीमुळं महाराष्ट्राला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला. जिथं एका बाजूला नाही म्हणता येत नाही, तिथं समोरासमोर बसवणं ही दुसरी मारहाण आहे. गंजीच्या प्रकरणात त्या बाईला नाही म्हणता येत होतं, आठवडाभर तिनं जवळजवळ नाहीच म्हटलं होतं.

आणि तिथंच मला माझ्या कामापुरतं एक उत्तर मिळालं. ती भेट झाली, कारण तडजोड शक्यच नव्हती. कलम न मिटणारं होतं, त्यामुळं कुणाला कुणाकडून काही काढून घ्यायचं नव्हतं. तिच्या बोलण्याला किंमत लावायची नव्हती, त्याच्या माफीच्या बदल्यात सुटका नव्हती. आम्ही नेमकं उलटं करत आलो. लोकअदालत असो की समिती, जिथं प्रकरण मिटू शकतं तिथंच दोघांना एकत्र आणतो, आणि मिटवण्याच्या घाईत बोलणं राहून जातं. भेट वेगळी आणि तडजोड वेगळी ठेवायला हवी. भेटीनंतर शिक्षा झाली तर होऊ द्या.

कायद्यात यासाठी फटी आहेत, त्या कुणी वापरत नाही. १९५८ चा परिविक्षा कायदा घ्या. कलम ४ खाली चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडता येतं, कलम ५ खाली त्याच आदेशात भरपाई देववता येते, एकविसाच्या आतल्याला तुरुंगात पाठवायचं तर कलम ६ प्रमाणे न्यायाधीशांना कारणं लिहावी लागतात. आमच्याकडं या कायद्याचा अर्ज बहुतेकदा शिक्षेच्या दिवशी तोंडी होतो, 'पहिलाच गुन्हा आहे, दया दाखवावी' इतकाच. अधिकाऱ्याचा अहवाल मागवायचं कुणाला सुचत नाही, आणि सुचलं तरी त्या अधिकाऱ्याच्या डोक्यावर अख्खा जिल्हा असतो.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत सामुदायिक सेवा ही नवी शिक्षा आली. पाच हजारांच्या आतली चोरी, पहिलाच दोष, आणि माल किंवा त्याची किंमत परत केली, तर ही शिक्षा. पाण्याची मोटार पाच हजारांत येत नाही, त्यामुळं आमच्या तालुक्यातल्या नेहमीच्या चोऱ्या यातून बाहेर पडतात. केबल मात्र बसते. रात्री केबल कापायची, रबर जाळून तांबं काढायचं आणि भंगारवाल्याला घालायचं. चोराला हजार-दोन हजार मिळतात. शेतकऱ्याचं पाणी मात्र ऐन हळदीच्या भरात चार दिवस बंद पडतं. सामुदायिक सेवेत चोर दवाखान्याचं आवार झाडेल. ज्याची हळद पाण्यावाचून सुकली, त्याला यात काय मिळालं?

असं एक केबलचं प्रकरण सध्या माझ्याकडं आहे. पोरगं विशीतलं, गुन्हा कबूल करायला तयार. फिर्यादी शेतकरी तापट आहे. मी त्याला भेटले तेव्हा म्हणाला, "समोर आणा त्याला, मंग बघतो." हे भेटीसाठी होकार म्हणून घ्यायचं की नाही, हे मी अजून ठरवलेलं नाही. परिविक्षा कायद्याच्या कलम ४, पोटकलम २ खाली परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवावा, आणि त्यात आरोपीच्या घरच्या परिस्थितीबरोबर फिर्यादीचं म्हणणंही नोंदवावं, फिर्यादीच्या मनात असेल तर दोघांची भेट घ्यावी, कोणत्याही कागदावर सही न घेता, असा अर्ज दिला आहे. सरकारी वकिलांनी विचारलं, "भेट घेऊन पुढं काय? मिटवणार का?" मी म्हणाले, नाही. मग त्यांनी म्हणणं द्यायला वेळ मागून घेतला. पुढची तारीख पोळ्यानंतरची आहे.